कळंबच्या अंगणात 'अपूर्वाई'

सुकेळी उन्हात घातली की कावळ्यांवर नजर ठेवायला एक माणूस लागतं. गेल्या हिवाळ्यात वसईजवळच्या कळंबला आत्याकडे राहायला गेलो, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. अंगणात बांबूच्या चटईवर सोललेली राजेळी केळी ओळीनं मांडलेली, समोर सुरूच्या झाडांमधून समुद्राची एक पट्टी दिसते आहे, माझ्या हातात बारकी काठी आणि मांडीवर पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' हे इंग्लंडच्या प्रवासावरचं पुस्तक. पुस्तक आमच्याच घरातलं, तीन पिढ्यांनी वाचून मऊ झालेलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात वाचत होतो. हसू फुटलं की आत्या आतून विचारायची, "काय झालं रे?" दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि ती हातातलं काम घेऊन ओटीवर येऊन बसायला लागली. आत्या सातवीपर्यंत शिकली. इंग्लंड तिनं टीव्हीवर पाहिलं असेल तेवढंच. पण ती जिथं हसायला हवं तिथं हसत होती, कधी कधी तर वाक्य संपायच्या आधी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या सवयी ऐकून कळंबच्या एका बाईला इतकं अचूक हसू कसं येतं, हा प्रश्न मला तिथं पडला, आणि तेव्हापासून मी या प्रकारची पुस्तकं पुन्हा वेगळ्या नजरेनं वाचतो आहे.

आधी नावाकडे पाहू. 'अपूर्वाई' हा शब्द आपण नुसता 'नवल' या अर्थानं वापरत नाही. लेकीच्या पहिल्या बाळाची अपूर्वाई असते. पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेल्या की पहिल्या ताज्या मासळीची अपूर्वाई असते. नवलाई चार दिवसांत ओसरते. अपूर्वाईत कौतुक असतं, माया असते, आणि ज्याची अपूर्वाई वाटते ते आपल्या घरात आलेलं असतं. परक्या देशावरच्या पुस्तकाला हे नाव देणाऱ्या लेखकानं इंग्लंडला आपल्या ओटीवर बसवून घेतलं आहे. पुढं १९६३ साली पूर्वेकडच्या देशांवर लिहिलं तेव्हा त्यांनी 'पूर्वरंग' असं नाव दिलं. त्यात पूर्व दिशाही आली आणि कीर्तनाचा पूर्वरंगही आला. नावातच मराठी माणसाची बैठक पक्की.

पुलं इंग्लंडला गेले ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. भारतात टेलिव्हिजन सुरू व्हायचा होता आणि बीबीसीकडे त्याचं शिक्षण घ्यायला त्यांना पाठवण्यात आलं होतं. सोबत पत्नी सुनीताबाई होत्या. इंग्लंडनंतर फ्रान्स आणि जर्मनीही झालं. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात झाली आणि १९६० साली 'अपूर्वाई' पुस्तकरूपानं आलं. शि. द. फडणीसांची चित्रं त्यात आहेत, आणि ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना पुस्तक आठवताना मजकुराबरोबर तीही आठवतात.

काळाकडे जरा लक्ष द्यावं. भारत स्वतंत्र होऊन पुरतं तपही उलटून गेलं नव्हतं. 'विलायत' या शब्दाला अजून दरारा होता. तिकडे जाऊन आलेला माणूस बोलायला लागला की आजूबाजूचे गप्प बसून ऐकत. इंग्रजाकडे बघण्याच्या दोनच रीती आपल्याला ठाऊक होत्या, भारावून जाणं किंवा राग धरणं. पुलंनी तिसरी रीत आणली. त्यांनी इंग्रजाकडे शेजाऱ्यासारखं पाहिलं. शेजाऱ्याच्या खोडी आपल्याला पाठ असतात, त्याच्या गुणांची कदरही असते, आणि त्याच्याकडे पाहताना आपल्या घरात काय चाललं आहे याचाही विसर पडत नाही.

मराठी माणसांनी त्याआधीही इंग्लंडवर लिहिलं होतं. पंडिता रमाबाई १८८३ साली तिकडे गेल्या, वाँटेज नावाच्या छोट्या गावात जोगिणींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांचं 'इंग्लंडचा प्रवास' हे छोटं पुस्तक मराठीत छापलं गेलं. म्हणजे मराठीत इंग्लंडचं हे वर्णन आलं ते एका पंचविशीतल्या विधवा विदुषीच्या हातून, आणि तिचा मुक्काम लंडनच्या झगमगाटापासून दूर होता. मला हे फार मोलाचं वाटतं. रमाबाईंच्या डोक्यावर त्या वेळी जे ओझं होतं, त्यात विनोदाला जागा नव्हती. हसत हसत इंग्लंड पाहता येण्यासाठी मधली पाऊणशे वर्षं जावी लागली आणि मधे १९४७ साल यावं लागलं.

इंग्रज म्हणजे कोण, याचा हसत हसत शोध घेणारी गाजलेली पुस्तकं कोणी लिहिली, ते पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. ए. जी. मॅक्डोनेल हा स्कॉटलंडचा. त्याच्या 'इंग्लंड, देअर इंग्लंड' या १९३३च्या कादंबरीत एक स्कॉटिश तरुण इंग्रजांवर पुस्तक लिहिण्यासाठी देशभर फिरतो, आणि तिच्यातला खेड्यातल्या क्रिकेट सामन्याचा भाग आजही सगळ्यात जास्त वाचला जातो. जॉर्ज मिकेश हा हंगेरीचा पत्रकार. १९३८ साली काही दिवसांच्या कामासाठी लंडनला आला आणि तिथंच राहिला. 'हाऊ टू बी ॲन एलियन' हे त्याचं चिमुकलं पुस्तक १९४६ साली आलं, निकोलस बेंटलीच्या चित्रांसह. इंग्रजांनी ते डोक्यावर घेतलं. बिल ब्रायसन अमेरिकेतल्या आयोवाचा. १९७३ साली पहिल्यांदा इंग्लंडात पाऊल ठेवलं, बरीच वर्षं यॉर्कशरच्या एका खेड्यात संसार केला, आणि मायदेशी परतण्याआधी सगळ्या देशाला एक फेरी मारून 'नोट्स फ्रॉम अ स्मॉल आयलंड' लिहिलं. ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. २००३ साली ब्रिटिश वाचकांचा कौल घेतला गेला तेव्हा इंग्लंडचं खरं दर्शन घडवणारं पुस्तक म्हणून त्यांनी निवडलं ते याच परदेशी माणसाचं.

स्कॉटिश, हंगेरियन, अमेरिकन, आणि आपल्या बाजूनं पार्ल्यात वाढलेले पुलं. सगळे बाहेरून आलेले. घरातल्या माणसाला घरातला वास येत नाही, हे एक कारण झालं. माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हे चौघंही पाहुणे म्हणून धावती भेट देऊन परतले नाहीत. त्यांनी तिथं भाड्यानं खोल्या घेतल्या, काम केलं, किराणा आणला, थंडीत कुडकुडले. आठ दिवसांच्या सहलीत डोळ्यांना इमारती दिसतात. माणसाच्या सवयी दिसायला त्याच्याबरोबर एक हिवाळा काढावा लागतो. आणि जिथं हिवाळा काढला त्या जागेचा लळा लागतोच. या पुस्तकांतलं हसू बोचत नाही, ते या लळ्यामुळं.

इंग्रज माणूस स्वतःची ओळख सांगताना खेड्याचं चित्र काढतो. मधे हिरवं कुरण, एका बाजूला दगडी चर्च, समोर पब, दुकान कम टपाल कचेरी, पुढं फुलबागा असलेली बुटकी घरं, शेतांच्या कडेनं झुडपांच्या वई. विनोदी असो वा गंभीर, इंग्लंडवरचं पुस्तक या चित्रापाशी येऊन थांबतंच. पण हे चित्र इंग्रजांच्या मनात ठसलं कधी, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

खेडी तिथं जुनीच. विजयी नॉर्मन राजानं १०८६ साली करवून घेतलेल्या 'डूम्सडे बुक' या पाहणीत १३,०००हून अधिक गावांची नोंद आहे आणि त्यातली बहुतेक नावं आजही चालू आहेत. नावाच्या शेवटी 'हॅम' असेल तर घर किंवा वस्ती, 'टन' असेल तर कुंपण घातलेलं शेत, 'बी' असेल तर डेन्मार्ककडून आलेल्यांनी वसवलेलं गाव. आपल्याकडे आळी, वाडी, पाडा यांवरून गावाचा इतिहास उलगडतो, तसंच हे. 'सटन' म्हणजे दक्षिणेकडचं शेत, म्हणून त्या नावाची गावं जागोजागी. आमचं कळंबही तसंच. कळंब म्हणजे कदंबाचं झाड. धाराशिव जिल्ह्यात कळंब आहे, यवतमाळ जिल्ह्यात चिंतामणीचं कळंब आहे, आणि "कुठलं कळंब?" हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येकानं ऐकलेला आहे.

पुढं खेडी मोडली ती कायद्यानं. गावाच्या सामाईक जमिनी, जिथं गरिबाची गाय चरायची आणि सरपण मिळायचं, त्यांना कुंपण घालून त्या खासगी मालकीच्या करण्याचे ५,२००च्या वर कायदे १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं केले. एकंदर ६८ लाख एकर जमीन अशी बंदिस्त झाली. कायद्यांचा मोठा भर अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांतला. ज्या वई पाहून आज पर्यटक हरखतात, त्यातल्या पुष्कळशा त्या वेळी घातलेल्या आहेत. त्यांच्यामागं उठलेली बिऱ्हाडं आहेत. गायरान गेलेली माणसं गिरण्यांच्या शहरांकडे निघाली आणि १८५१च्या खानेसुमारीत निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहताना आढळले. इंग्लंड त्या वर्षी शहरी देश झाला.

आणि नेमकं त्यानंतर खेडं इंग्रजांच्या मनाचा ठेवा बनलं. जुन्या वास्तू आणि निसर्गरम्य जागा जपण्यासाठी १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' स्थापन झाला. ग्रामीण इंग्लंड वाचवण्यासाठी १९२६ साली वेगळी परिषद निघाली. खेडं हाच इंग्लंडचा आत्मा, असं जाहीर भाषणात सांगणारे पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन हे लोखंडाच्या कारखानदाराच्या घरातले. एच. व्ही. मॉर्टन मोटारीतून खेड्यापाड्यांत फिरला आणि त्याचं 'इन सर्च ऑफ इंग्लंड' १९२७ साली निघालं. ती मोटार कारखान्यात बनली होती आणि तिच्यासाठी लागणारे रस्ते त्याच खेड्यांच्या शांततेतून काढावे लागणार होते. बीबीसीच्या रेडिओवर 'द आर्चर्स' ही एका काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची मालिका १९५१पासून देशभर लागायला लागली आणि आजही चालू आहे. रोज ती ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी नांगर हातात धरलेला नाही.

पुलंना अतिशय प्रिय असलेला पी. जी. वुडहाउस या सगळ्याचं टोक. ब्लँडिंग्ज कॅसल आणि त्याच्या पायथ्याशी असलेलं गाव त्यानं असं उभं केलं, की वाचकाला तिथल्या डुकरिणीचीसुद्धा काळजी लागून राहते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तो इंग्लंडला परत गेलाच नाही. १९५५ साली अमेरिकेचा नागरिक झाला आणि १९७५ साली वारला तोही तिकडेच. लाँग आयलंडवर बसून तो श्रॉपशरमधलं गाव लिहीत होता. मला यात खोटेपणा दिसत नाही. गाव सुटलेल्या माणसाच्या मनात गाव जसं लख्ख उभं राहतं तसं गावात राहणाऱ्याच्या मनात उभं राहण्याची गरज नसते. चाकरमान्याला विचारा.

आता आत्याच्या हसण्याकडे वळतो.

तिसऱ्या दिवशी इंग्रजांच्या मितभाषीपणाचा विषय निघाला. अनोळखी माणसाशी ते बोलत नाहीत, आणि बोललेच तर हवेबद्दल बोलतात. आत्याला हे पटेना. "आभाळ दोघांनाही दिसतंय, मग विचारायचं काय त्यात?" मी तिला सांगितलं की यावर थोर माणसांनी विचार केलेला आहे. ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्स्की हा पोलंडमध्ये जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहून आला होता. १९२३ साली त्यानं मांडलं की माणसं पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत. 'मी इथं आहे, तू तिथं आहेस, आपल्यात सगळं ठीक आहे' एवढं एकमेकांना कळवण्यासाठी ती बोलतात. शब्दांचा अर्थ तिथं गौण, बोललं गेलं हे महत्त्वाचं. पुढं केट फॉक्स या इंग्रज अभ्यासक बाईंनी २००४ साली आपल्याच लोकांच्या सवयींवर पुस्तक लिहिलं आणि हवेच्या गप्पांचे नियम सांगितले. समोरच्यानं थंडी आहे म्हटलं की आपण हो म्हणायचं. नाही म्हणणं म्हणजे त्यानं पुढं केलेला हात झिडकारणं.

मी हे सांगत असतानाच वाडीच्या बांधावरून शेजारच्या काकू चालल्या होत्या. चटईवर शंभरभर केळी, वर कावळ्यांसाठी मी काठी घेऊन बसलेलो. त्या थांबल्या आणि म्हणाल्या,

"काय, सुकेळी घातली का?"

"घातली की," आत्या म्हणाली. "बाजारात निघालात?"

त्यांच्या हातात पिशवी होती. "हो, जाऊन येते."

काकू गेल्या. आत्या माझ्याकडे बघायला लागली आणि मग जी हसत सुटली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ते आभाळाचं विचारतात, आपण अंगणाचं," ती म्हणाली.

मॅलिनॉव्स्कीनं जे शास्त्र मांडलं ते तिनं दोन वाक्यांत ओळखलं होतं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यात होतं. हवेवर बोलणाऱ्या इंग्रजाला ती हसत होती, कारण दिसत असलेली गोष्ट विचारण्याची सवय तिच्या रोजच्या जगण्यातली होती. पुस्तकानं ती सवय परक्या माणसाच्या अंगावर घालून तिला दाखवली. विनोदी प्रवासवर्णन चालतं ते या दुहेरी नजरेवर. लेखक वर्णन करतो ते लंडनचं, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढं उभी राहते आपली चाळ, आपली आळी, आपला मामा. पुलंच्या प्रवासवर्णनांत परक्या गोष्टीला घरची उपमा सतत येते ती नुसत्या शोभेसाठी येत नाही. तिच्यामुळं परकं कळतं, आणि घरचं पहिल्यांदा नीट दिसतं.

शेजारी नसलेल्या माणसाला हे जमत नाही. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेला तो ग्रंथ अजूनही आमच्या भागाच्या अभ्यासाला लागतो. त्यात वसईची केळी आहेत, पानवेली आहेत, जाती आहेत, बंदरं आहेत, महसूल आहे. मोजता येईल ते सगळं आहे. बांधावरून जाणारी काकू त्यात नाही. साहेबानं इथं मोजणी केली, मुक्काम केला, पण "सुकेळी घातली का" या प्रश्नात काय आहे, हे त्याला कोणी सांगितलं नसणार आणि त्यानंही विचारलं नसणार.

इंग्लंडवरच्या पुस्तकांची आठवण मला नालासोपारा स्टेशनपासून कळंबला येताना दर वेळी होते. जे. बी. प्रिस्टली १९३३ साली इंग्लंडभर फिरला आणि पुढच्या वर्षी 'इंग्लिश जर्नी' हे पुस्तक त्यानं दिलं. शेवटी तो सांगतो की आपल्याला एका देशात तीन देश भेटले. एक चर्च, वाडे आणि सराया यांचा जुना, एक गिरण्यांच्या धुरानं काळा झालेला, आणि तिसरा नव्या रुंद रस्त्यांचा, पेट्रोल पंपांचा आणि सिनेमाघरांचा. आमच्याकडे हे तिन्ही देश आठ-नऊ किलोमीटरांत आहेत. स्टेशनबाहेर इमारतीला इमारत खेटलेली, सकाळच्या लोकलसाठी धावणारी माणसं. थोडं पुढं सोपारा गाव आणि अशोकाच्या काळाची खूण. मग गास, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या. विहिरी, केळी, नारळ, फुलं, भाजी. मग निर्मळ. लोक जिला शंकराचार्यांची समाधी म्हणतात ते टेकडावरचं मंदिर, तलाव, आणि कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी जत्रा. सुकेळी घ्यायची तर तिथं, असा जुना रिवाज. तिथून आत वळलं की कळंब, सुरूची रांग आणि समुद्र. रविवारी या शेवटच्या टप्प्यावर गाड्यांची रीघ लागते. मुंबईहून, विरारहून, नालासोपाऱ्याहून माणसं येतात. त्यांना वारा हवा असतो, वाळू हवी असते, आणि थोडं गाव हवं असतं.

१८५१नंतरच्या इंग्लंडात जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर वसईत होताना मी पाहतो आहे. वाड्यांचे प्लॉट होतात. विहिरी मचूळ होतात. किनाऱ्यावरचे सुरू भरतीच्या माऱ्यानं मुळं उघडी पडून आडवे होतात, आणि पुढच्या पावसाळ्यात समुद्र आणखी दोन हात आत येतो. आणि तरी, किंवा म्हणूनच, 'हिरवी वसई' हा शब्द लोकांच्या तोंडी जास्त येतो.

या जागी मला बिल ब्रायसन आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो एकत्र आठवतात. ग्रामीण इंग्लंड वाचवण्यासाठी १९२६ साली निघालेल्या त्या परिषदेचा ब्रायसन २००७ ते २०१२ या काळात अध्यक्ष होता. खेड्यातल्या सवयींवर हसवणारा माणूस त्याच खेड्यांच्या वई आणि गल्ल्या वाचवायला उभा राहिला. फादर दिब्रिटो कळंबजवळच्याच नंदाखालचे, १९४२चा जन्म. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, बायबल सुबोध मराठीत आणणारे, इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भूमीवर लिहिणारे, २०२०च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईच्या जमिनी बिल्डरांच्या घशात जायला लागल्या तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते पुढं होते. २०२४ साली ते गेले. दोघांच्या लेखनाचा पोत पूर्ण वेगळा. पण गावाकडे बारकाईनं पाहणारा माणूस ते नाहीसं होताना गप्प बसू शकत नाही, हे दोघांत सारखंच.

इंग्लंडला एक गोष्ट साधली. १९४७च्या नगररचना कायद्यानं कुठं बांधायचं आणि कुठं नाही यावर सरकारचा ताबा आला आणि मोठ्या शहरांभोवती हिरवे पट्टे राखले गेले. त्यामुळं लंडनमधून तासाभराच्या अंतरावर आजही गाय चरताना दिसते. या कायद्याचेही तोटे आहेत, घरं महाग झाली, खेड्यात जन्मलेल्याला खेड्यात घर परवडेना. पण कायदा येण्याआधी पन्नास वर्षं पुस्तकांनी लोकांचं मन तयार केलं होतं, हे मला विसरता येत नाही. मॉर्टन, प्रिस्टली, मॅक्डोनेल हे सगळे त्या पन्नास वर्षांतले.

इंग्रज खेड्याची आणखी एक गोष्ट आत्याला फार आवडली. तिथल्या बायकांचं एक मंडळ आहे, 'विमेन्स इन्स्टिट्यूट'. कल्पना कॅनडातली, १८९७ची. ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ साली वेल्समधल्या एका खेड्यात निघाली. दुसऱ्या महायुद्धात साखर तोलून मिळत होती तेव्हा सरकारनं या बायकांना साखर पुरवली आणि गावोगावची वाया जाणारी फळं त्यांनी मुरंब्याच्या बरण्यांत भरून ठेवली. आजही या मंडळाचं नाव काढलं की इंग्रजाला मुरंबा आठवतो आणि थोडं हसू येतं. "म्हणजे आपली सुकेळीच," आत्या म्हणाली. आणि मग तिनं सुकेळी कशी होतात ते मला पहिल्यापासून सांगितलं. राजेळी पूर्ण पिकू द्यायची, पण साल काळी पडायच्या आत सोलायची. दिवसभर ऊन, संध्याकाळी आत. रोज एकेक केळं हातानं उलटायचं. मधासारखा रंग आला की हलक्या हातानं दाबायचं, आणि केळीच्याच वाळलेल्या पानात बांधायचं. साखरेचा कणही नाही. आता इतका वेळ कोणाकडे आहे, असं ती म्हणाली नाही. मी मात्र आळीत किती अंगणांत चटया आहेत ते मोजलं. आमची धरून दोन.

रविवार आला. दुपारी अडीचच्या सुमाराला एक गाडी फाटकापाशी थांबली. चाळिशीतला गृहस्थ, बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी. किनाऱ्यावर गर्दी फार म्हणून आत वळले असावेत. त्यांनी अदबीनं विचारलं,

"मावशी, इथं जवळपास कुठं गाव बघायला मिळेल का? मुलीला दाखवायचंय."

आत्या क्षणभर थांबली. मागं कौलारू घर, बाजूला विहीर, पुढं केळी, चटईवर सुकेळी. मग ती उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "या ना. बसा. पाणी घ्या."

मुलगी चटईपाशी जाऊन उकिडवी बसली. हे काय, ते काय, कावळे खातात का, असं विचारत राहिली. आत्यानं तिच्या हातात एक केळं दिलं आणि उलटायला शिकवलं. मुलीनं सगळी ओळ उलटली. अर्ध्या तासानं ते निघाले. जाताना त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, गाव पुढं कुठल्या बाजूला आहे. आत्यानं समुद्राकडे हात केला. "असेच सरळ जा, आळी लागेल."

गाडी वळून गेली. कावळा येऊन चटईच्या कडेला बसला होता, त्याला मी हाकललं. आत्यानं तांब्या ओटीवर ठेवला, पदरानं हात पुसले आणि भिंतीला टेकून बसली.

"हं, कुठं होतो आपण?" ती म्हणाली. "वाच पुढं."